कोंबडीनं वाढवलेला मोर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोराला झाडावर चढवणं. दिवस मावळत होता. मी शिडी धरलेली, ती मोर काखेत मारून वर. माझे गुडघे गेलेत, म्हणून चढणं तिच्याकडे.

"अहो, शिडी धरलीय की तिला टेकून झोपलात?"

"तू आधी त्याला ठेव. मग मला बोल."

तिनं त्याला कडुनिंबाच्या फांदीवर बसवलं. ती खाली उतरते न उतरते तोच हा धप्पकन अंगणात, आणि तुरुतुरु कोंबड्यांच्या डालग्यात.

"तुमच्यावर गेलाय," ती म्हणाली. "घर सुटत नाही मेल्याला."

त्याचं असं झालेलं. गरौठा गावी तिच्या भावाच्या शेतात कुत्र्यांनी लांडोर मारली. उरलेलं एक अंडं हिनं पदरात बांधून आणलं आणि खुडूक कोंबडीखाली सरकवलं. याआधी तिनं ससा वाढवला, खारीचं पिल्लू वाढवलं. दोन्ही मोठी झाली नि आपल्या वाटेनं गेली. हा मात्र कोंबडाच निघाला. उकिरडा उकरायचा. घारीची सावली पडली की कोंबडीच्या पोटाखाली शिरायचा, आणि ती बिचारी याच्या निम्मी! पलीकडे लष्कराच्या छावणीतल्या झाडीत मोर ओरडले की हा घाबरून डालग्यात.

इकडे उत्तरेत शेजारपाजार सगळा हिंदी; शेजारचा एकजण जंगलखात्यात कामाला. तो म्हणाला, "दद्दा, मोर घर में नहीं रख सकते. छोड़ दो."

"छोड़ तो दें भैया," ही म्हणाली, "पर ये पेड़ पे सोता ही नहीं. नीचे सोया तो कुत्ते खा जाएँगे. ज़रा सिखा लेने दो."

म्हणून रोज ती शिडी.

त्या संध्याकाळी आम्ही जेवलो, झोपलो. पहाटे हाक मारली तर ती गेलेली. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल.

घर माणसांनी भरलं. बसायला जागा हवी म्हणून कुणीतरी डालगं कोंबड्यांसकट शेजारी नेऊन ठेवलं. तिला पोचवून आलो तेव्हा उजेड सरत आला होता. अंगणात पायच पाय, आणि मोर त्यांतून डालगं शोधत पळतोय. बायका रडतायत, तो त्यांच्या पदरांवरून उड्या मारतोय. शेवटी वैतागला, पंख झाडले आणि थेट कडुनिंबाच्या शेंड्यावर. तिनं बसवलं होतं त्याच्याही वर. खाली उतरेना.

मी मोठ्यानं हसलो. "अरे बघा, चढला!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं वाटलं असणार त्यांना. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उतरला आणि दाण्यासाठी माझ्या पायांत घोटाळायला लागला. मूठभर ज्वारी घेतली होती, ती परत डब्यात टाकली. काठी उचलली आणि तिच्याच तोंडच्या शिव्या देत त्याला छावणीच्या भिंतीपर्यंत हाकत नेलं. भिंतीवर चढून बसला आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. मी ढेकूळ मारलं. नेम धरला नव्हता. पण तो उडाला पलीकडे.