सोनगीरच्या जरीनाबी आणि पितळी डबा

जरीनाबी हबीब पिंजारी यांची ओळख प्रस्तुत लेखिकेला सोनगीर येथील प्रौढ साक्षरता वर्गात झाली. पहिल्याच दिवशी दोघी एका सतरंजीवर शेजारी बसल्या होत्या. लेखिकेने सहज म्हटले, "बाई, तुमच्या लुगड्याला मैद्याचा वास येतो." त्यावर जरीनाबी भडकून गावच्या अहिराणीत म्हणाल्या, "मैदा मना शे, लुगडंबी मनं शे. तुले तरास व्हत व्हई ते तिकडे सरक." लेखिका सरकली नाही. म्हणून ओळख टिकली, आणि म्हणून पुढील हकिकत त्यांच्या तोंडून ऐकावयास मिळाली.

जरीनाबींच्या घरची बेकरी गावातून महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सासऱ्यांच्या काळापर्यंत या घरात कापूस पिंजण्याचा धंदा होता. तो बसला तेव्हा त्यांचे पती हबीबभाई यांनी विटांची भट्टी बांधली. पाव आणि टोस्ट हबीबभाईंचे, पण खजुराचे जे काही आहे ते सर्व जरीनाबींचे. सकाळचे पाव निघाले की भट्टीचा जाळ उतरतो. त्या उतरत्या उष्णतेत त्या खजूर भरलेल्या नानकटाईचे पत्रे आत सारतात. प्रत्येक खजूर त्या स्वतः उभा चिरतात, बी काढतात आणि उजेडाकडे धरून आत अळी नाही याची खात्री करतात. मग तो तुपात परतून, वेलदोडा घालून मळतात. मैद्याच्या पारीत या सारणाची गोळी बसवून वरून बोटाने दाबतात. हा पदार्थ ईदला मुसलमानांच्या घरी जातो आणि दिवाळीला सर्वांच्याच घरी जातो.

त्यांचा दुसरा पदार्थ म्हणजे खजुराचे लाडू. त्यात खजूर, शेंगदाण्याचा कूट, सुके खोबरे आणि तूप यांखेरीज काहीही नसते. हे लाडू उपवासाचे आहेत. म्हणून त्या ते बेकरीत कधीही वळत नाहीत, कारण बेकरीत मैदा हवेत उडतो आणि कशावरही बसतो. एकादशीच्या आदल्या दिवशी त्या आंघोळ करून, धुतलेले लुगडे नेसून घरच्या चुलीपाशी लाडू करतात आणि झाकणाच्या पितळी डब्यात भरतात. डबा बंद झाल्याशिवाय त्या दिवशी बेकरीत पाऊल ठेवत नाहीत. हा डबा गावातील तांबट आळीतच घडवलेला आहे.

गिऱ्हाइकाने गल्ल्यापाशी येऊन "उपासनं द्या" असे म्हणावयाचे, म्हणजे पितळी डबा उघडतो. तसे म्हटले नाही तर पत्र्यावरची नानकटाई मिळते. हा रिवाज कोणी ठरवला नव्हता, पण गावातील लहान पोरालाही तो ठाऊक होता. लग्न झाल्यापासून आजवर आपल्या हातून कोणाचा उपवास मोडला नाही, हे जरीनाबींचे एकमेव भूषण होते. आणि तेच त्यांच्याकडून हिसकावले गेले.

त्या वर्षी रमजान आणि होळी एकाच महिन्यात आली होती. बाजारात साखरेचे हारकंगन आणि खजूर यांचे ढीग लागले होते. जरीनाबींना रोजे होते. रोज्यात चव पाहता येत नाही, म्हणून त्या वासावर आणि बोटांच्या चिकटपणावर सारण ओळखत. एकादशीच्या आदल्या दिवशी रत्ना बेकरीत आली. रत्ना म्हणजे प्रेमराज नानांची धाकटी सून. ती बी.ए. झालेली असून आमच्या साक्षरता वर्गास विनावेतन शिकवीत असे. तिला होळीला शिंदखेड्यास माहेरी जावयाचे होते.

"जरीनामावशी, माझ्या आईसाठी खजूरवाली नानकटाई बांधून द्या."

जरीनाबींनी पत्र्यावरची नानकटाई खोक्यात भरली आणि म्हणाल्या, "मैदा-तुपाची आहे, आठ दिवस काही होणार नाही. पण कोरड्या जागेत ठेव."

रत्नाने खोका नेऊन स्वयंपाकघरातील फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. प्रेमराज नाना हे गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख आहेत. त्यांनी आयुष्यात एकादशी मोडली नाही, असे ते स्वतः सांगतात. दुपारी त्यांच्याकडे मंडळातील मोतीलालभाऊ आले. दोघेही उपवासाचे, दोघेही भुकेले. नानांना खजुराचा वास आला. त्यांनी खोका काढला, एक तुकडा फोडून पाहिला, आत खजूर दिसला. खजूर उपवासाला चालतो. एवढ्या विचारावर नानांनी स्वतः खाल्ले आणि पाहुण्यालाही आग्रह करकरून खाऊ घातले. बाहेरची पारी कशाची आहे, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही.

रत्ना माडीवरून खाली आली तेव्हा खोका अर्धा झाला होता. ती घाबरून म्हणाली, "नाना, त्यात मैदा आहे!"

नानांनी हातातला तुकडा खोक्यात टाकला. एकट्याने खाल्ले असते तर त्यांनी देवापुढे हात जोडून विषय संपवला असता. पण समोर मोतीलालभाऊ बसले होते आणि त्यांच्या मिशीला चुरा लागला होता. दुसऱ्याचा उपवास आपण आपल्या हाताने मोडला, हे कबूल करण्यापेक्षा नानांनी खोटे बोलणे पसंत केले.

"जरीनानी उपासनं म्हनीसन दिधं!" ते ओरडले. रत्ना तेथेच उभी होती. ती काहीही बोलली नाही.

दुपार कलल्यावर नाना आणि मोतीलालभाऊ बेकरीवर आले. रोजा सोडण्याच्या तयारीची आणि संध्याकाळच्या पावाची अशी दुहेरी गर्दी होती.

"जरीना, भायेर ये! उपासनं म्हनीसन मैदा खावाडा माले! मना बी उपास मोडा आनि मोतीलालना बी!"

जरीनाबी हातातील कणकेसकट बाहेर आल्या. "कोन मांगं उपासनं? तुमी उनथात का मांगाले?"

"सून उनथी."

"तिनी उपासनं मांगं नही, मी उपासनं दिधं नही. पत्रावरली नानकटाई शे ती. पितळना डबा मी कालदिन तिनासाठे उघाडाच नही."

"मंग मी खोटं बोलस का?"

"हा, नाना. तुमी खोटं बोलतस."

मोतीलालभाऊ पुटपुटले, "चव मातर चांगली व्हती." कोणी तरी खुदकन हसले. त्या हसण्याने नानांचा तोल गेला आणि ते म्हणाले, "तुमना लोकेसनं हाईच शे! आमना उपास मोडाना, आनि वरथून तोंड करानं!"

तुमचे लोक. कालपर्यंत त्या जरीना होत्या. नानांच्या थोरल्या नातीच्या बारशाला याच हातांनी डिंक घातलेले खजुराचे लाडू गेले होते. आज त्या कोणाच्या तरी लोकांपैकी एक झाल्या. त्या पायरी उतरणार, तोच हबीबभाई मध्ये आले आणि हात जोडून म्हणाले, "नाना, चुकून झालं असेल. मी माफी मागतो. घरी जा."

नाना लगेच निघून गेले. त्यांना हवे होते ते मिळाले होते.

जरीनाबींचा खरा राग नानांवर नव्हता, तो नवऱ्यावर होता. घरात हे कुटुंब आपल्या हिंदीत बोलते. त्या दिवशीचे बोलणे येथे मराठीत लिहिले आहे.

"माफी कशाची मागितली?"

"मिटवायला. आपल्याला याच गावात राहायचंय."

"गाव माझं नाही का? तुम्ही हात जोडलेत आणि मी खोटी ठरले. नानांच्या बोलण्याने ठरले नसते, तुमच्या हातांनी ठरले!"

"रोज्यात एवढा राग बरा नाही."

"उपासात खोटं बोललेलं बरं का? ते नानांना विचारून या. मी स्वतः दिवसभर पाण्याचा थेंब न घेता लोकांचे खजूर निवडते. दुसऱ्याचा उपवास म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायचं?"

हबीबभाई उठून भट्टीकडे गेले. भांडण टाळणे हा त्यांचा स्वभाव आहे. परंतु लेखिकेच्या मते, आपल्या माणसाच्या खरेपणाचा बळी देऊन भांडण टाळणे योग्य नव्हे.

त्यानंतर पितळी डब्याकडे कोणी पाहिले नाही. होळी झाली, धुळवड झाली. पाव खपत होते, नानकटाईही खपत होती. पण "उपासनं द्या" हे शब्द गल्ल्यापाशी ऐकू येईनात. भिकुबाई नावाची वृद्ध बाई सोमवारचे आणि एकादशीचे लाडू अनेक वर्षे नेत असे. सोमवारी ती बेकरीवरून मान खाली घालून चालली होती. जरीनाबींनी हाक मारली तेव्हा ती थांबली.

"माय, मना भरोसा शे तुनावर. पन घरमा पोरे नको म्हनतस."

"तुना भरोसा तुना पदरले बांधेल ठेव, अक्का. माले त्याना काय उपेग?"

भिकुबाईच्या डोळ्यांत पाणी आले. जरीनाबींना त्याचीही दया आली नाही. त्यांनी डबा राखेने घासला, उन्हात वाळवला आणि फळीवर पालथा घातला. घरात कोणी त्याला हात लावू नये अशी ताकीद दिली.

त्या दिवसांत जरीनाबी वर्गास येत नव्हत्या. रत्ना मात्र नेमाने येत असे आणि नेहमीप्रमाणे शिकवीत असे. एके दिवशी दुपारी ती त्यांच्या मागील दाराशी गेली आणि रडत म्हणाली, "मावशी, तुमची काही चूक नाही. मला ठाऊक आहे. पण नानांपुढे माझं तोंड उघडत नाही. मला माफ करा."

"मागच्या दाराशी खरं बोलतेस?" जरीनाबी म्हणाल्या. "हे खरं मला ठाऊकच होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांग. नाहीतर रडू नकोस, मला कामं आहेत." आणि त्यांनी दार लावले.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात आल्या. नेहमीच्या जागी, लेखिकेच्या शेजारी बसल्या. रत्नाने फळ्यावर विषय लिहिला, 'आमची होळी', आणि प्रत्येकीने चार ओळी लिहाव्यात असे सांगितले. सर्वजणी पाट्यांवर वाकल्या. जरीनाबींनी पाटी बाजूला ठेवली आणि त्या उभ्या राहिल्या.

"बाई, मला लिहायला नको, बोलायचं आहे. या होळीला मी गावात खोटी ठरले. कोणी ठरवली, ते या वर्गात एकीला माहीत आहे. तिने सांगावं. नसेल सांगायचं, तर मी तिच्याकडून एक अक्षरही शिकणार नाही."

रत्ना फळ्याकडे तोंड करून उभी होती. तिच्या हातातील खडू मोडला. एक बाई कुजबुजली, "जाऊ दे ना वं जरीना, पोरगी शे." जरीनाबी तिच्यावर डाफरल्या, "पोरगी पढेल शे. आपले पढावस. मंग बोलाले काय झायं?"

रत्ना वळली. ती स्पष्ट शब्दांत म्हणाली, "मी उपासाचं मागितलंच नव्हतं. मावशींनी मला मैदा आहे म्हणून सांगितलं होतं. नानांनी स्वतःच फळीवरून काढून खाल्लं. मी तिथे होते आणि मी गप्प बसले."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. ज्या वर्गात साऱ्या गल्ल्यांच्या बायका बसतात, तेथे बोललेले गावभर व्हावयास वेळ लागत नाही. रत्नाच्या घरी त्या दिवशी मोठा गोंधळ झाला, असे ऐकिवात आहे. लेखिकेने जरीनाबींना म्हटले की पोरीने धीर केला, तिचे कौतुक करावयास हवे. त्या म्हणाल्या, "उशिरा केला. पण केला." त्यापुढे त्यांनी कौतुक केले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा रत्नाकडून जोडाक्षरे शिकू लागल्या.

पितळी डबा सरळ झाला. पुढच्या एकादशीच्या आदल्या दिवशी जरीनाबींनी आंघोळ करून लाडू वळले. भिकुबाई सर्वांच्या आधी आली. तिने घरच्या पोरांचे नाव काढले नाही, आणि जरीनाबींनीही तिच्या हातावर एक लाडू जास्त ठेवला. मग नानांचा सालदार गडी झिपरू स्टीलचा डबा घेऊन आला.

"नानांनी लाडू सांगितलेत."

"नानांनी कोणाला सांगितलेत?"

"मला."

"मग तू वळून दे," असे म्हणून त्यांनी रिकामा डबा त्याच्या हातात परत ठेवला. हबीबभाई आतून म्हणाले, "देऊन टाक ना. त्यांनी माणूस पाठवला, म्हणजे त्यांना कळलं." जरीनाबींनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की ते पुन्हा भट्टीकडे वळले.

झिपरू थोड्या वेळाने परत आला, आणि पुन्हा रिकामा डबा घेऊन गेला. शेवटी ऊन उतरताना प्रेमराज नाना स्वतः आले. तीच वेळ होती आणि तशीच गर्दी होती. रत्ना त्यांच्या मागे चार पावले अंतर ठेवून उभी होती. नानांनी कोणाकडे पाहिले नाही. स्टीलचा डबा गल्ल्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "दे."

जरीनाबींनी पितळी डबा गल्ल्यावर आणून ठेवला, शेजारी नानकटाईचा पत्रा ठेवला. डब्याच्या झाकणावर हात घट्ट दाबला आणि म्हणाल्या,

"काय देऊ, नाना? उपासनं का मैदावालं? मोठा आवाजमा सांगा, बठ्ठासले ऐकू येऊ द्या."