रविवारचे दोन चौकोन

तिला नावाने हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली असतील. बाकी साऱ्या वस्तीला ती दोन-आठ बाई. आरोग्य केंद्रातल्या लशींच्या फ्रीजचा पारा दोन अंशांच्या खाली उतरू नये आणि आठच्या वर चढू नये, एवढं पाहायला तिला बावीस वर्षांपूर्वी नोकरीवर घेतलं, आणि तेव्हापासून तिने दुसरं काही पाहिलेलंच नाही, असं तिचा नवरा म्हणतो. नवरा निवृत्त बसचालक. एकदा तो तापाने फणफणला, तेव्हा तिने त्याच्या काखेतला थर्मामीटर काढून उजेडात धरला आणि म्हणाली, "एकशे दोन. तुमची पेटीच फेकून द्यावी लागणार." ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगतो.

फ्रीजशेजारी भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो. महिन्याचा एक कागद, दर दिवसाला दोन चौकोन. एक सकाळचा, एक संध्याकाळचा. बाई वाकणार, फ्रीजचं झाकण उचलून पारा बघणार, आकडा लिहिणार, पुढे सही. बावीस वर्षांत एकही चौकोन रिकामा राहिला नाही. वरून तपासायला येणारे साहेब हा तक्ता दुसऱ्या केंद्रांना दाखवायला फोटो काढून नेत, आणि बाई तोंडाने "त्यात काय एवढं" म्हणत दोन दिवस हवेत असे.

आता रविवारचं सांगायला हवं. रविवारी केंद्र बंद. नियमाप्रमाणे त्या दिवशी पहारेकऱ्याने पारा बघायचा. पण पहारेकऱ्याला जवळचं दिसत नाही आणि लांबचं तो बघत नाही, शिवाय त्या खोलीची किल्ली बाईच्या कमरेला. मग सोमवारी आल्यावर बाई शनिवार संध्याकाळचा आकडा बघे, सोमवार सकाळचा बघे आणि मधला धरून रविवारचे दोन्ही चौकोन भरून टाके. बहुतेक चार, कधी पाच. तिच्या आधीच्या बाईही तसंच करत. फसवायचं तिच्या मनात कधीच नव्हतं. तिला वाटे, आपल्या फ्रीजला आपण ओळखतो, एका दिवसात तो काय करणार आहे? रिकामा चौकोन मात्र तिला बघवत नसे. ही तिची एकच खोड, आणि तीच पुढे नडली.

त्या वर्षी दहा ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी नवी लस आली आणि लशीआधी तिच्याबद्दलच्या बातम्या आल्या. ही टोचली की पुढे मुलंबाळं होत नाहीत. ही जुनी झालेली लस आहे, दुसरीकडे कुणी घेतली नाही म्हणून आपल्या माथी मारली. एका शाळेत एक मुलगी म्हणे चक्कर येऊन पडली. कुठली शाळा, कुठली मुलगी, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण पडली हे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दोन दिवसांत केंद्रात चार मुली आल्या, त्यातल्या दोन नर्सच्याच पुतण्या.

मग डॉक्टरांनी दोन-आठ बाईला घरोघर पाठवलं. डॉक्टर तरुण होत्या, नव्या होत्या, त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. बाईचं ऐकत. बाई दारात उभी राहून सांगे, "लस कशी बनवतात ते मला विचारू नका. पण फ्रीज माझा आहे. माझ्या फ्रीजमधून वाईट बाटली बाहेर पडणार नाही." आणि माणसं पघळत. अमुक शास्त्रज्ञ काय म्हणाला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. समोरची बाई आपल्याला माहीत आहे, एवढं त्यांना पुरे होतं.

एकटी शिंपीणबाई तेवढी पघळली नाही. गल्लीच्या तोंडाशी तिचं दुकान, मागे घर, नवरा नाही, बारा वर्षांची एकुलती एक मुलगी. कुणी माप तोंडी सांगितलं तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि स्वतः फीत लावी. बाईचं सगळं बोलणं तिने मशीन चालवत ऐकलं आणि दोऱ्याचं टोक दातांनी तोडून म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्या आहात. पण मला तो कागद बघायचा आहे, ज्याच्यावर तुम्ही रोज लिहिता."

"या की सोमवारी. सगळ्यांसमोर दाखवते," बाई म्हणाली.

शनिवारी लशीची बरीच खोकी आली. फ्रीज गच्च भरला. उकाडा मरणाचा होता. बाईच्या मनात आलं, एवढ्या गर्दीत फ्रीज दमला आणि पारा चढला तर? वस्तीला दिलेला शब्द तिच्या डोक्यात घोळत होता. जाता जाता तिने फ्रीजची चकती एक घर पुढे, जास्त थंडीकडे फिरवली. काळजीपोटीच फिरवली. उष्णतेची भीती तिच्या हाडीमाशी भिनलेली होती. थंडीची तिला भीती नव्हती असं नाही, पण इतक्या उकाड्यात ती आठवली नाही.

सोमवारी किल्ली नर्सच्या हाती देऊन ती सकाळपासून घरं फिरून बायका-मुलींना गोळा करत होती, त्यामुळे केंद्रात पोचायला साडेनऊ झाले. तोवर नर्सने फ्रीज पाच-सहा वेळा उघडून बाटल्या काढल्या होत्या. बाईने पारा बघितला. दोन. काठावर, पण दोन. लिहिला. रविवारच्या दोन्ही चौकोनांत चार, चार घातलं. चकती परत मागे घेतली. पेन खिशात ठेवून वळली तर मागे शिंपीणबाई, शेजारी मुलगी.

शिंपीणबाईने चष्मा लावला आणि तक्त्यावरून बोट फिरवत गेली. बोट रविवारवर थांबलं.

"रविवारी केंद्र बंद असतं ना?"

"असतं."

"मग रविवारीही बघता?"

"बघतो ना," बाई म्हणाली. विचारही न करता, अगदी सहज.

शिंपीणबाईने चष्मा काढला आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जा. घे टोचून."

दुपारपर्यंत एकतीस मुली झाल्या. रडारड नाही, चक्कर नाही. नर्सने बाईला टाळी दिली. बाई खुशीत रिकाम्या जागा आवरायला फ्रीजशी गेली. फ्रीजच्या तळाशी पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, वीज गेली तर गारवा टिकावा म्हणून. एक बाटली सरकवताना ती हाताला जास्तच गार लागली, आणि आत काहीतरी खुळखुळलं. तिने ती उजेडात धरली. पाण्यात बर्फ होता. पुष्कळसा वितळून उरलेला, पेराएवढा तुकडा.

ही लस उष्णता थोडी सोसते, पण एकदा गोठली की मेली. मग ती विष होत नाही, नुसती निकामी होते. टोचून न टोचल्यासारखी. आणि पाण्याचा बर्फ झाला म्हणजे पारा शून्याखाली गेला होता, झाकण दिवसभर न उघडलेल्या रविवारी, तिने चार, चार लिहिलं होतं त्या रविवारी.

खात्री करायची रीत तिला माहीत होती: गोठून गेलेली लस हलवून ठेवली की तिचा गाळ भराभर खाली बसतो. मोठ्या भांडारातून त्याच सकाळी आलेलं एक खोकं अजून गाडीच्या थंड पेटीत होतं. त्यातली एक बाटली आणि फ्रीजमधली एक, अशा दोन्ही तिने एकदमच हलवल्या, टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि बघत बसली. बसली कसली, उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. नवी बाटली दुधट गढूळच राहिली. फ्रीजमधल्या बाटलीत कण झाले, भराभर खाली बसले आणि वर स्वच्छ पाणी उरलं. तिने तीन वेळा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

डॉक्टरांनी बाटल्या बघितल्या, तक्ता बघितला आणि दार लोटून घेतलं.

"कुणाला अपाय नाही होणार," डॉक्टर म्हणाल्या. "हात दोन दिवस दुखेल. फक्त परत टोचावं लागेल. वर मी कळवते. पण बाई, वस्तीत आपण असं सांगू, की दुसरा डोस लवकर द्यायचा ठरलाय. बस्स. यात खोटं काय आहे?"

"आणि रविवारचं?"

"ते कशाला काढायचं? लोक आधीच बिथरलेत. हे कळलं तर एकतीसच्या तीन उरतील. पुढची लस आली तरी दार उघडणार नाहीत. मुलींचंच नुकसान आहे यात, तुमचं-माझं नाही."

डॉक्टर चुकीचं बोलत नव्हत्या, म्हणून तर बाईला जास्त त्रास झाला. ती व्हरांड्यात आली, पाणी प्यायली, परत आत गेली, फ्रीज उघडला, बंद केला. दर पाच मिनिटांनी पारा बघत सुटली. चार. चार. चार. आता हवा तेवढा चार होता. घरी गेली तर जेवणात लक्ष नाही. नवऱ्याने विचारलं, "अगं, झालं काय? फ्रीज वारला का?" ती एकदम रडायलाच लागली, तेव्हा तो घाबरला आणि सगळं ऐकून घेतल्यावर त्याने आपलंही ताट बाजूला सारलं.

"मी गाडी चालवायचो," तो म्हणाला, "तेव्हा ब्रेक तपासल्याच्या वहीत रोज सही करायचो. रोज तपासायचो का? नाही."

"मग?"

"मग काही नाही. नशीब म्हणून वाचलो. मला कुणी विचारलं नाही. तुला विचारलंय."

ती चपला घालून निघाली.

शिंपीणबाई मशीनवर होती. बाईने उभ्या-उभ्याच सांगितलं, कारण बसली असती तर जीभ उचलली नसती. गोठलेली लस, वाया गेलेली सुई, परत घ्यावी लागेल, अपाय काही नाही. शिंपीणबाईचे पाय मशीनवर चालूच होते.

"पण कागदावर तर चार होतं."

"ते मी अंदाजाने लिहिलं. बघितलं नव्हतं."

मशीन थांबलं. "मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही बघतो म्हणालात."

"हो. खोटं बोलले."

मागच्या खोलीत मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. शिंपीणबाईने सुई कापडातून सोडवली, दोरा गुंडाळला.

"त्याच्या आधीचे रविवार?"

"तेही तसेच."

"ही तान्ही होती तेव्हाच्या सुयाही याच फ्रीजमधल्या ना? त्या चांगल्या होत्या?"

बाईच्या ओठांवर 'हो' आलं होतं. बहुधा ते खरंही होतं, त्या शनिवारच्या आधी बावीस वर्षांत चकती तिने कधी हलवली नव्हती. पण बहुधा म्हणजे काय, ते आता तिला कळलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"जा तुम्ही," शिंपीणबाई म्हणाली.

बाई उरलेल्या तीस घरांतही गेली. कुणी शिव्या दिल्या, कुणी दार आपटलं, एका आजीने चहा पाजून मग शिव्या दिल्या. डॉक्टर दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी वरून आलेलं कारणे-दाखवा पत्र त्यांनी स्वतःच तिच्या हातात दिलं. परत टोचून घ्यायला एकतीसपैकी नऊ मुली आल्या. चौकात आता पूर्वीच्या बातम्यांना बाईची बातमी जोडून सांगत, आणि ही मात्र खरी होती. ती दुकानापुढून गेली की बोलणं थांबे. तिने कपाटातून जुने तक्ते काढले आणि सापडला तो प्रत्येक रविवार लाल शाईने खोडून वर लिहिलं, 'पाहिले नाही'. हात भरून आला तरी थांबली नाही.

रविवारी सकाळी ती किल्ली घेऊन केंद्रात गेली. पहारेकऱ्याने डोळे किलकिले करून विचारलं, "आज कोण?" कुलूप काढताना मागे चपलांचा आवाज झाला. शिंपीणबाई उभी होती, एकटीच. गळ्यात अजून मापाची फीत.

बाईने फ्रीजचं झाकण उचललं आणि बाजूला झाली. शिंपीणबाईने चष्मा लावला, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"चार," ती म्हणाली.

बाईने पेन तिच्यापुढे धरलं. शिंपीणबाईने तक्त्याच्या चौकोनात चार लिहिला, मापाच्या वहीत लिहावा तसा ठसठशीत, आणि खाली आपली सही केली.

"मुलीचं काय ठरवलंत?" बाईने घाबरतच विचारलं.

"महिनाभराचे रविवार बघू दे आधी." शिंपीणबाईने पेन परत दिलं आणि संध्याकाळच्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "पाच वाजता येते. हा रिकामा राहू दे तोवर."