शनिवार दुपारचं गिऱ्हाईक

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, आरोपीचा नंतर. तेव्हा मी नाशिकमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. इंटरनेटवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती नुकत्याच कुठे दिसू लागल्या होत्या. आमच्या ठाण्यात संगणक एकच होता आणि बहुतेक वेळ त्याच्यावर कापडी कव्हर घातलेलं असायचं.

सोमवारची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार एका जोडप्याला घेऊन आत आला. माणूस अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होता, मूळचा नांदगावकडचा. कारखान्यात कामगारकपात झाली आणि याचं नाव त्यात आलं. लोखंड कातायचा एक जुना लेथ विकत घेऊन स्वतःची शेड टाकायची, असं त्याने ठरवलं. त्यासाठी घरची व्हॅन विकायला काढली. लेथचा मालक येत्या सोमवारपर्यंत थांबायला तयार होता. मुलीने सायबर कॅफेत जाऊन जाहिरात टाकली आणि दोन दिवसांत गिऱ्हाईकाचा फोन आला.

गिऱ्हाईक शनिवारी दुपारी आलं. स्वच्छ मराठी बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. येताना त्याने नारळ, हार, पेढे असं सगळं बरोबर आणलं होतं. बॉनेटवर स्वतःच्या हाताने कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडून पहिला प्रसाद घरच्या म्हातारीच्या हातावर ठेवला. मग खिशातून बँकेचा डिमांड ड्राफ्ट काढून दिला. आपल्याकडे ड्राफ्ट म्हणजे रोख पैसे, अशीच समजूत. टर्नरने हस्तांतरणाच्या फॉर्मवर सह्या केल्या आणि किल्ली, आरसी बुक हवाली केलं. सोमवारी सकाळी बँकेतल्या साहेबांनी ड्राफ्ट उजेडात धरला आणि सांगितलं, हा खोटा आहे. गिऱ्हाईकाचा मोबाईल तेव्हापासून बंद होता.

"गाडी भेटंल का साहेब?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. गाडी गेली तर लेथ गेला आणि या वयात दुसरीकडे कोणी कामावर घेणार नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं. चोरलेली गाडी आठ दिवसांत एकतर राज्याबाहेर जाते नाहीतर सुटी होऊन भंगारात जाते. माझ्या हातात तेवढेच दिवस होते.

फिर्याद लिहून घेतली, ४२० चा गुन्हा दाखल केला, गाडीचा नंबर पेठ रोड आणि दिंडोरी रोडच्या नाकाबंदीवर कळवला. मी नवऱ्याला नाना प्रश्न विचारले. उंची किती, भाषा कुठली, हातावर खूण होती का. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. तिला मी काहीच विचारलं नाही. निघताना तीच थांबली.

"साहेब, शनवारी कोणी लोखंड घरी नेतं का? मी ह्यांना बोलले व्हते, रविवारी द्या म्हणून."

नवरा तिच्यावर खेकसला. मीही मनात हसलो, हे खरं आहे. बायकांचं हे नेहमीचंच, असं वाटलं. ते दोघे गेले आणि चहा घेताना ते वाक्य मला टोचायला लागलं. आपल्याकडे शनिवारी खिळासुद्धा विकत घेत नाहीत. ज्याला चाकाखालचं लिंबू आठवतं, त्याला शनिवार आठवत नाही? म्हणजे देवधर्म नुसता देखावा होता आणि शनिवार त्याच्या सोयीचा होता. शनिवारी बँक अर्धा दिवस. त्यानंतर ड्राफ्ट दाखवायचा कुणाला? सोमवार उजाडेपर्यंत मोकळं रान.

ही पद्धत एकदा जमली की माणूस ती सोडत नाही. म्हणून मी कारकुनाला आलेल्या अर्जांची फाईल काढायला लावली. तीन आठवड्यांपूर्वीचा एक अर्ज सापडला. एका निवृत्त शिक्षकांची छोटी गाडी, इंटरनेटवरची जाहिरात, खोटा ड्राफ्ट, वार शनिवार. अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: "व्यवहार दिवाणी स्वरूपाचा. अर्जदारास न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. दफ्तरी दाखल." खाली सही माझी होती. तो शेरा मारताना मी अर्ज पुरता वाचलाही नव्हता. गुन्ह्यांचा आकडा वाढू नये म्हणून आम्ही अशा अर्जांची बोळवण करत असू.

त्याच दिवशी मी गुरुजींकडे गेलो. त्यांनी आदळआपट केली नाही. गिऱ्हाईकाचं वर्णन मुद्देसूद दिलं, हार कसा बांधला होता तेही सांगितलं. माणूस तोच होता. गुरुजींच्या नजरेला नजर देणं मात्र मला जमलं नाही.

बुधवारी खबर आली. नाशिकच्याच द्वारका चौकात चहाची टपरी चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. शेजारच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्याकडे एकाने व्हॅनसाठी गुजरातच्या नंबरची जोडी घाईने रंगवून घेतली होती, आणि गाडी न आणता नंबर चिठ्ठीवर लिहून आणला होता. याचा अर्थ गाडी अजून नाशकातच होती आणि निघायच्या बेतात होती. नवा नंबर नाकाबंदीला दिला. पण शहरात हजार शेड, शोधायचं कुठे?

मग आम्हीच जाहिरात टाकली. आमच्या एका हवालदाराची जीप, पत्ता त्याच्याच घरचा, फोन त्याच्या मेहुण्याचा. फोन बरेच आले. प्रत्येकाला आम्ही एकच सांगायचो, रविवारी सकाळी या. सगळे हो म्हणत. शुक्रवारी एकजण म्हणाला, रविवारी जमणार नाही, शनिवारी एकनंतरच येईन. हवालदाराने मुद्दाम कुरकुर केली, शनिवारी लोखंड द्यायचं नसतं म्हणून. तो गोड हसला आणि म्हणाला, "आमच्यात चालतं हो."

शनिवारी मी दोन पंचांना घेऊन हवालदाराच्या स्वयंपाकघरात बसलो. एक वाजला, दीड वाजला. दोन वाजता मला वाटलं, सुगावा लागला, आता गाडीही गेली. टर्नरचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. सव्वादोनला रिक्षा थांबली. नारळ फुटल्याचा आवाज आला. माझा हात पडद्यावर होता, पण ड्राफ्ट हातात पडेपर्यंत बाहेर पडायचं नव्हतं, नाहीतर कोर्टात तो म्हणाला असता, मी नुसती गाडी बघायला आलो होतो. हवालदाराची बायको ठरल्याप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "अहो, ड्राफ्ट नीट ठेवा." मी बाहेर आलो. त्याच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं.

ठाण्यात आणल्यावर तो दगडासारखा बसला. ड्राफ्ट मला दुसऱ्याने दिला, मीच फसलो, हे एकच पालुपद. माझ्या हाताखालच्यांचे हात शिवशिवत होते. मी त्यांना बाहेर घालवलं. मारलेला माणूस सुटण्यासाठी काहीही सांगतो, आणि मला काहीही नको होतं, गाडी हवी होती. चहा मागवला आणि सहज विचारलं, शनिवारी लोखंड घेताना भीती नाही वाटत?

"कसली भीती साहेब? बँकेचं शटर पडलं की दीड दिवस आपला."

बोलून गेला आणि कप खाली ठेवला. मी द्वारकेला रंगवलेला गुजरातचा नंबर कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवला आणि सांगितलं, हा प्रत्येक नाक्यावर कळवलेला आहे, गाडी निघाली की तुझा साथीदार सापडणार आणि सगळं तुझ्यावर ढकलणार. त्याने कागद उचलून नंबर वाचला आणि म्हणाला, "पंच बोलवा."

पंचांसमक्ष त्याचं निवेदन नोंदवलं आणि आम्ही निघालो. द्वारकेमागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हॅन उभी होती. नव्या प्लेट लागल्या होत्या, टाकी फुल होती, बॉनेटवरचं कुंकू अर्धवट पुसलेलं होतं. जीपही बरोबर न्यायची म्हणून थांबलेला साथीदार आता तासाभरात निघणार होता.

मुद्देमाल म्हणून जप्त झालेली व्हॅन कोर्टाच्या हुकमाने टर्नरला परत मिळाली. मी लेथच्या मालकाला स्वतः भेटलो, तो थांबला. पुढे व्हॅन विकताना सौदा बायकोने केला. गिऱ्हाईकाला मंगळवारी सकाळी बँकेत बोलावलं, पैसे खात्यात आल्याचं बँकवाल्याच्या तोंडून ऐकलं आणि मगच किल्ली पदराखालून काढली. जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. ड्राफ्ट असो, चेक असो की मोबाईलवर आलेला मेसेज, नुसत्या त्यावर विसंबू नका, आणि गिऱ्हाईक घाई करायला लागलं की आपण सावकाश व्हा.

गुरुजींची गाडी मात्र मिळाली नाही. ती अर्ज दिल्यानंतरच्या आठवड्यात सुटी करून विकली गेली होती, असं आरोपीनेच सांगितलं. हे सांगायला मी त्यांच्याकडे गेलो आणि शेऱ्याबद्दल माफी मागितली. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी म्हणालो, तुमच्या गाडीचं मला फार वाईट वाटतं.

"माझ्या गाडीचं राहू द्या," गुरुजी म्हणाले. "मी अर्ज माझ्या गाडीसाठी दिलाच नव्हता. पुढच्या माणसाची जाऊ नये म्हणून दिला होता."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय दफ्तरी दाखल केला नाही.