झुडपातला कस्तूर दम घेत नव्हता

मंडळी, आज सकाळचंच सांगते. सुबियाच्या किनाऱ्यावर दुर्मीळ कस्तूर पक्षी दिसल्याची आपल्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर धूम होती, म्हणून सुट्टी बघून आम्ही दोघं तिथे गेलो.

उतरताच झुडपातून गाणं ऐकू आलं. ह्यांनी लगेच कॅमेरा काढला. मला मात्र खटकलं. आयसीयूतली नर्स मी, मशीनचा आवाज पाठमोरीही ओळखते. प्रत्येक वेळी तीच तान, तेवढ्याच अंतराने.

"अहो, हा दम घेत नाहीये."

"तुला सगळीकडे ड्युटीच दिसते!"

फांद्या बाजूला केल्या तर आत स्पीकर! वर बारीक जाळं आणि त्यात खराखुरा कस्तूर अडकलेला. ह्यांनी जाळं कापलं, तो भुर्रकन उडाला.

घरी येऊन ग्रुपवर एवढंच लिहिलं, "आज कस्तूर दिसला नाही."

एक महाशय आहेत, स्वतःचा एकही फोटो टाकत नाहीत, पण प्रत्येकाकडे गोड बोलून लोकेशन मागतात. त्यांचा मला लगेच मेसेज, "ताई, उडून कुठल्या बाजूला गेला?"

उडाला हे तोवर मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

खरं सांगा, ह्या महाशयांना ग्रुपमध्ये घेतलं कोणी?