डाव्या मांडीतली थरथर

बाहेरची बाधा, करणी असल्या गोष्टींना मी हसणारी बाई. पण २००१ च्या उन्हाळ्यात माझ्यासोबत जे झालं त्याला काय म्हणायचं, हे कुणाला कळत असेल तर खरंच सांगा... मी विचारून विचारून थकले.

आम्ही गोरेगावचे, तालुका सेनगाव. मी घरीच पायमशीनवर ब्लाऊज शिवायची. ऐन लग्नसराईत माझी डावी मांडी फडफडायला लागली. आधी कातडीखाली नुसती टिकटिक, मग आत गिरणी चालू असल्यासारखी घरघर. पायडल मारताना पाय मध्येच अडायचा, धागा तुटायचा. एका नवरीचा ब्लाऊज पार वाकडा शिवला गेला आणि तिची आई दारात येऊन ओरडून गेली.

घरात सांगितलं, तर सासूबाई खूश! "बाईचं डावं अंग फडफडणं लई शुभ असतंय. सोनं येतंय घरात."

"आत्याबाई, गिऱ्हाईक चाललंय. सोनं कुठलं?"

नवराही तसाच. "चांगलं होऊन राहिलं तर दवाखाना काहून?"

उजवी मांडी असती तर त्याच दिवशी जीपमध्ये बसवलं असतं. डावी निघाली, हेच माझं नशीब!

शेवटी एकटीच हिंगोलीला गेले. डॉक्टर म्हणाले – मशीनमुळे असेल, झोप कमी, चहा जास्त, अशक्तपणा, टेन्शन. महिनाभर मशीन झाकून ठेवली, चहा सोडला, गोळ्या खाल्ल्या. रक्ताचे रिपोर्ट चांगले. मांडी चालूच. मग म्हणे मनाचे खेळ! डोकंच सणकलं माझं.

एका दुपारी भाकरी थापता थापता मला रडू फुटलं. सासूबाईंचा उजवा हात ओढला आणि मांडीवर दाबून धरला. "बघा, हे शुभ आहे?"

त्यांनी तळहात तसाच ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "आगं माय... हे तर आतून हलून राहिलं."

दुसऱ्या दिवशी माझी मांडी शांत. एकदम. आणि सासूबाईंचा तोच तळहात फडफडत होता. बाईचं उजवं अंग – अशुभ! तासाभरात जीप ठरली.

डॉक्टरांनी तीच यादी वाचली. सासूबाईंनी जन्मात मशीन चालवली नव्हती, चहाला त्या शिवत नव्हत्या. पंधरा दिवसांनी त्यांचंही आपोआप थांबलं. का सुरू झालं, का थांबलं... आजपर्यंत कुणी सांगू शकलेलं नाही.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्यांनी विचारलं, "तुला बी असंच व्हायचं?"

दोन महिने मी दुसरं काय सांगत होते!

"भ्याव वाटून राहिलं गं. हात धर माझा."

काहीच न मानणारी मी... तो हात काही धरला नाही.