बांगड्यावरचा आरोप

इसम नामे सहदेव गुणाजी धुरी, वय अंदाजे चाळीस, राहणार भटवाडी, घाटकोपर पश्चिम, मूळ गाव मालवणच्या अलीकडे. बांधा मध्यम, वर्ण सावळा, मिशी आहे. डाव्या अंगठ्यावर साच्यात सापडल्याची जुनी खूण. सदर इसम अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी असून येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतो. सदर इसमास कोणतीही व्याधी नाही. तो कोणतेही औषध घेत नाही. शेवटचे दोन तपशील त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून नोंदले आहेत.

त्याच्या अंगावर पित्त उठतं, एवढं मात्र चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. पित्त ही व्याधी धरत नाहीत. आधी मानेवर खाज सुटायची, मग पाठीवर, दंडावर, पोटावर लाल गांध्या उठायच्या. बायको शेवंती आमसुलं भिजवून त्याचं पाणी अंगाला चोळायची आणि सहदेव दिवसभर सोलकढीसारखा वास मारत फाटकावर उभा राहायचा. असं वर्षातून एकदा झालं तर गंमत. इथे शहाऐंशी साल उजाडल्यापासून दर दोन-चार दिवसांनी चाललं होतं.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी मान वर न करता निदान केलं. "ॲलर्जी आहे. कोकणातले ना? मासे बंद."

ॲलर्जी म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती आणि डॉक्टरांनी पुढच्याची जीभ बघायला घेतली होती. सहदेव घरी आला आणि मासे सोडले. शेवंती मुलांसाठी बांगडे तळायची तेव्हा हा गॅलरीत जाऊन उभा राहायचा. ताटात दुधी. दुधी खाऊनही पित्त उठायचंच, पण दुधीवर कोणी संशय घेतला नाही.

"सहदेवा, तुला स्पेशालिस्ट पाहिजे," शेजारच्या नंदकुमार साटमने सांगितलं. नंदकुमार बँकेत शिपाई होता आणि साहेबलोकांची दुखणी ऐकून ऐकून त्याला मुंबईतले सगळे स्पेशालिस्ट पाठ झाले होते. "बोरिवलीला एक आहे. झकास माणूस. आमच्या मॅनेजरची शिंक थांबवली."

बोरिवलीच्या पाटीवर ॲलर्जी होती. तिच्या वर दमा होता आणि खाली मूळव्याध, कोड व संतती नसणे. झकास माणसाने नाडी धरून डोळे मिटले आणि वांगी, शेंगदाणे, अंडी व जमिनीखाली पिकणारं सगळं बंद केलं. मॅनेजरची शिंक कशी थांबली, हे सहदेवने परत आल्यावर नंदकुमारला विचारलं.

"बदली झाली त्याची नागपूरला," नंदकुमार म्हणाला. "तिकडे शिंकत असेल तर आपल्याला काय माहीत."

मग अंधेरीला, कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर, त्वचेचे डॉक्टर सापडले. हे खरे शिकलेले होते. पण पित्ताचा स्वभाव असा की ते आलं तसं जातं. ड्यूटी संपवून नंबर लावून सहदेव आत पोचेपर्यंत अंग लख्ख झालेलं असायचं.

"कुठे आहे?" डॉक्टरांनी दिवा पाठीवर धरून विचारलं.

"सकाळी होतं, साहेब."

"मग सकाळी या."

सकाळी तो फाटकावर असायचा. फाटक सोडून जायचं तर रजा मागावी लागणार, आणि सहदेव अजून कायम झाला नव्हता. कायम होण्याआधी कंपनीच्या डॉक्टरची तपासणी असते. पुढच्या महिन्यात तिचा नंबर लागणार होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण सहदेवने ती कुणाला सांगितली नाही. परळच्या कापडगिरणीत त्याने चार-चार साचे, म्हणजे माग, सांभाळले होते आणि त्यात कंबर गेली होती. पण गिरणीत कंबर गेल्याचं बोलायचं नसतं. दारात बदली कामगार उभे असतात आणि डॉक्टर भेटतो तो फक्त तू कामाला चालतोस की नाही हे ठरवायला. त्यामुळे डॉक्टरने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, काही नाही साहेब. साचेखात्यातली निम्मी माणसं चहाबरोबर अंगदुखीची पांढरी गोळी गिळायची. त्या गोळीला ती औषध म्हणत नसत. तो चहाचाच भाग होता. मग संप झाला, गिरणी गेली, कंबर राहिली. फाटकावर बारा तास उभं राहायचं म्हणजे गोळीही राहिली, आणि आता एकाच्या दोन झाल्या.

शेवटी मुलुंडला खऱ्या ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाई आहेत असं शेवंतीनेच शोधून काढलं. डॉक्टर मृणालिनी. पाटीवर एकच रोग. फोन केला तेव्हा त्यांनी आधी सांगितलं की डॉक्टरांनी दिलेल्या खाजेच्या गोळ्या आठवडाभर बंद करून या, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. सहदेव आठवडाभर खाजवत राहिला आणि एका संध्याकाळी शेवंतीला घेऊन मुलुंडला पोचला.

बाईंनी त्याच्या हातावर थेंब टाकून प्रत्येक थेंबातून सुईने हलकं टोचलं. बांगडा, कोळंबी, अंडं, शेंगदाणा, धूळ. एक थेंब मुद्दाम गांधी उठवणारा होता, हाताची परीक्षा घ्यायला. थांबायचं होतं तेवढ्यात त्यांनी समजावलं, आणि अख्ख्या वर्षात समजावणारं हे पहिलंच माणूस.

"तुम्ही पहारेकरी ना? शरीरातही पहारेकरी असतात. चोराला धरायचं त्यांचं काम. ॲलर्जी म्हणजे पहारेकऱ्याने साध्या माणसालाच चोर समजून आरडाओरडा करायचा."

"म्हणजे साहेबांनाच झडती द्यायला लावायची," सहदेव म्हणाला.

"अगदी तसं."

मुद्दाम उठवलेली गांधी उठली. बाकी हात सपाट. बांगड्याच्या जागी काही नाही.

"माशांवर माझा तरी संशय नाही," बाई म्हणाल्या. "आणि पित्त दरवेळी खाण्यानेच उठतं असंही नाही. कधीकधी औषधाने उठतं. डोकेदुखीची, अंगदुखीची गोळी घेता का? वर्षानुवर्षं चाललेली गोळीसुद्धा एक दिवस अंगाला चालेनाशी होते."

"काही नाही, बाई."

"नीट आठवा. कधीतरी?"

"काही नाही."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे पाहत होता.

बाहेर रस्त्यावर आल्याबरोबर ती थांबली. "तुमी सांगलात कित्याक नाय?"

"उद्या कंपनीत कळला म्हणजे?"

"कोण सांगतला? ती डॉक्टरीण जातली काय तुमच्या गेटवर?"

"डॉक्टर सगळे एक असतत," सहदेव म्हणाला. "कमरेचा नाव निघाला की माणूस गेटाभायर."

हे अगदीच खोटं नव्हतं. शेवंती स्टेशनाकडे चालू लागली.

रविवारी तिने बांगडे आणले. तिखलं केलं, दोन तळले. सकाळी सहदेव जोडपाळी करून आला होता, कंबर वाकत नव्हती, म्हणून चहाबरोबर त्याने नेहमीच्या दोन गोळ्या घेतल्या. मग आंघोळ करून जेवायला बसला. वर्षभरानंतरचा बांगडा. तो काटे नीट बाजूला लावत राहिला. नंदकुमार दारातून डोकावून "वा, सुटला काय रे आरोपी?" म्हणाला, तेव्हा त्याने हात वर करून गप्प बस म्हटलं.

दुपार कलायच्या आत मान खाजायला लागली. मग पाठ. मग एक ओठ सुजला.

"बांगडोच," सहदेव म्हणाला.

"बांगडो नाय तो. ती गोळी."

"गोळी धा वर्सा खातंय. तेव्हा कधी उठला?"

"बांगडे तुमी जन्मल्यापासून खातात. तेव्हा कधी उठला?"

शेवंतीने गोळ्यांची पट्टी घेऊन संडासात टाकली. दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्याच्या दवाखान्याकडे न बघता बाहेरच्या दुकानातून नवी घेतली. आमसुलाचं पाणी पुन्हा सुरू झालं, दुधीही. मुलुंडच्या बाईंना काही कळत नाही, असं तो विचारणाऱ्याला सांगू लागला. नंदकुमारला आता ठाण्याचा एक माणूस आठवला आहे.

पुढच्या महिन्यात कंपनीच्या डॉक्टरने सदर इसमास तपासून कामास योग्य ठरवले. व्याधी नाही, चालू औषध नाही, मासे वर्ज्य. सदर इसम कायम झाला आहे.

पांढऱ्या गोळ्यांची पट्टी त्याच्या खाकी शर्टाच्या डाव्या खिशात असते.