सरणाखालचा टायर

रबर जळालं की त्याचा वास नाकात थांबत नाही, घशाच्या मागे जाऊन बसतो. मग भात खा, चहा प्या, सगळ्याला तीच चव. मी चामोर्शीच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान चालवून आयुष्य काढलं. शाळा कमी शिकलो, दुसरं काही येत नव्हतं, म्हणून केलं. आवड-बिवड काही नव्हती. आता दुकान बंद आहे आणि मला त्या धंद्याची किळस येते, ती लपवायचं काही कारण नाही.

लोकांना वाटतं टायर म्हणजे नुसतं रबर. तसं नसतं. आत नायलॉनच्या दोऱ्याचे थर असतात, एकावर एक तिरपे घातलेले. रिमवर बसतात त्या दोन्ही कडांत पोलादी तारेचं एकेक कडं असतं. भार झेलतो तो दोरा. रबर फक्त दोऱ्याला धरून ठेवतं आणि रस्त्याची घासाघीस सोसतं. आतला दोरा तुटला तरी वरून टायर चांगला दिसतो. मग एका जागी गळू आल्यासारखा फुगतो, आणि एक दिवस भर रस्त्यात फुटतो.

प्लास्टिकच्या बादलीला चीर गेली तर तापलेल्या सुरीनं चिकटवता येते, कारण ते वितळतं. रबर एकदा गंधक घालून तापवून पक्कं केलं की परत मऊ होत नाही. वरची नक्षी झिजली तर नवा पट्टा चढवून रिमोल्ड करतात. तोही झिजला की संपलं. कुजत नाही, वितळत नाही, गाय तोंड लावत नाही. माझ्या दुकानामागे असल्या मेलेल्या टायरचा ढीगच होता.

त्या ढिगाला गिऱ्हाईक एकच, मयतीवाले. आमच्याकडे रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसात कोणी गेलं की लाकूड ओलं, गोवऱ्या ओल्या, आकाश फाटलेलं. सरण पेटत नाही. पण रबर भर पावसात जळतं, वरून बादली ओतली तरी विझत नाही. म्हणून घरातली माणसं पहिले माझ्या दुकानावर यायची. मी एक-दोन झिजके टायर काढून द्यायचो. मयतीच्या कामाचे पैसे कोण घेणार?

माझ्या बायकोला ते सहन व्हायचं नाही. नाल्याकाठच्या मसणातून काळा धूर आमच्या अंगणावर यायचा, त्या दिवशी ती जेवायची नाही. एकदा शेजारची म्हातारी तशी जळत होती. बायको नाकाला पदर लावून दारात बसली आणि मला म्हणाली, "मी मेली तं मले असं नोका जाळू जी. माणूस जळते का ट्रक जळते, समजत नाई."

मी हो म्हणालो. तेव्हा मस्करीत म्हणालो की तू मला पोचवून मग जाशील. पण हो म्हणालो होतो.

ती गेली ती नेमकी रोवण्यात. ताप डोक्यात चढला, गडचिरोलीला नेईपर्यंत शुद्ध गेली, दवाखान्यातून परत आणली ती आडवीच. पाऊस आदल्या रात्रीपासून लागलेला. तिचा भाऊ आला, माझा साळा, धानाचा शेतकरी, भला माणूस. चिखलानं भरलेले पाय घेऊन ओसरीवर उभा राहिला आणि हळूच म्हणाला की लाकूड गच्च ओलं आहे, दुकानामागून टायर काढतो. मी म्हणालो, टायर नाही. तो म्हणाला, "भाऊजी, अर्धी राहीन ते. मंग कुत्रे येतीन." मी म्हणालो, "टायर नाई म्हणलं ना." माझ्या घरात पलंग होता, सागाचा, कोरडा. तो तोडा म्हणालो. माळ्यावरच्या फळ्या काढा म्हणालो. त्यांनी काढल्या. साळा चार माणसं घेऊन सरण रचायला पुढे गेला. मी तिच्याजवळ बसलो.

मसणात पोचलो तेव्हा सरण तयार होतं, वर माझ्या पलंगाच्या पाट्या. तिला ठेवलं. मी अग्नी दिला. पाट्या पेटल्या, आणि थोड्या वेळानं खालून धुराची ती जाड, काळी जीभ बाहेर आली. मला पाहायची गरजच नव्हती. वासावरून मी सांगू शकतो सायकलची ट्यूब जळतेय की जीपचा टायर.

टायर काढणार कसा? वर ती होती. विझवणार कसा? मी साळ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा, जसे त्यानं माझ्यावर उपकार केले. जवळ येऊन कानात म्हणाला, "जुना नाई लावला, भाऊजी. तुमाले वाटलं अशीन, झिजका टायर बहिणीच्या खाली कसा घालाचा. रिमोल्डचा लावला. धुऊन लावला."

एका जीपवाल्याचा रिमोल्ड होऊन आलेला टायर दुकानात भिंतीला टेकवून ठेवला होता, कोरी नक्षी. त्यानं तो उचलला होता. त्याला वाटलं मी टायर नको म्हणतो ते मानपानासाठी. आमच्या गावात टायरशिवाय पावसाळ्यात मयत होते हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं. चांगला की फाटका, एवढाच प्रश्न. मी त्याला शिवी देणार होतो. तो रडत होता. मी तोंड वळवलं, तर धूरही तिकडेच वळला, आणि मी तो गिळला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. पाऊस उघडला नव्हता. राख कुठली, काळा चिखल होता. त्यात तारेची दोन कडी, तांबूस पडलेली, तिच्या बरगड्यांत अडकलेली. रबर जळून जातं, दोरा वितळून जातो, तार राहते. मी ती हातानं ओढून काढली आणि नाल्याच्या पलीकडे फेकली. जीपवाला नंतर टायर विचारत आला, त्याला काय सांगणार?

अस्थी पांढऱ्या निघतात. या काळ्या होत्या, चिकट. साळ्यानं लोट्यातून दूध घातलं, ते वरून घसरून गेलं. पाणी घातलं, तेही. रबराची काजळी दुधानं निघत नसते. मी सायकलवर घरी गेलो, मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, आणि फडकी घेऊन आलो. नाल्याकाठी बसून एकेक अस्थी पुसायला लागलो.

साळा घाबरला. "असं नाई करत जी, भाऊजी. मातीच्या तेलानं कोणी अस्थी धुते काय? लोक काय म्हणतीन?"

"तू बोलू नोको," मी म्हणालो. "तुयाशी बोलाले मले किळस येते आज."

तो मग सरकून जवळ आला, एक फडकं उचललं आणि माझ्यासारखंच तेलात बुडवून पुसायला लागला. काळं निघत होतं, फडकं काळं होत होतं, हात काळे होत होते. वैनगंगेला नेण्याआधी एक तुकडा मी नाकाशी धरला. मातीच्या तेलाच्या खाली तो दुसरा वास होताच. मी दुसरं फडकं मागितलं. त्यानं आपल्या खांद्यावरचा दुपट्टा काढून दिला.